घाटाची वाट आणि परवान्याचा कागद : दस्तकापासून वाहन परवान्यापर्यंत

१.
वडगाव मावळचा एखादा तरुण दहा वर्षे बोरघाटात गाडी चालवतो. पावसाळ्यातले धुके, खंडाळ्याची वळणे, उतारावर तापणारे ब्रेक, मागून दाबत येणारे मालमोटारींचे तांडे, हे सारे त्याच्या हातापायांत मुरलेले असते. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीत जातो. तेथे राहू लागल्यापासून सहा महिने त्याचा भारतीय परवाना चालतो. सातव्या महिन्यात तोच माणूस, त्याच हातांनी, तशीच गाडी रस्त्यावर आणील तर तो विनापरवाना चालक ठरतो. त्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात.

त्याचे कौशल्य सहा महिन्यांत नाहीसे झालेले नसते. मग नाहीसे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मावळाइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल. कारण समुद्राकडून दख्खनच्या पठारावर येणाऱ्या परक्याला या घाटवाटेवर निदान दोन हजार वर्षे कोणी ना कोणी विचारीत आले आहे: तू कोण, आणि तुला कोणी सोडले?

२.
आधी शब्द पाहू. ‘परवाना’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ रोख लेखी हुकमाकडे, आज्ञापत्राकडे आहे. ‘राहदारी’ म्हणजे वाटेची राखण, आणि त्यावरून वाटेवर घेतला जाणारा कर व त्या वाटेने जाण्याची मुभा. ‘दस्तक’ या शब्दात ‘दस्त’ म्हणजे हात आहे. ते हाती बाळगायचे पत्र.

या तिन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी एकही शब्द जाणाऱ्याच्या अंगच्या गुणाविषयी काही सांगत नाही. तिन्ही शब्द सोडणाऱ्याच्या अधिकाराविषयी बोलतात. आजच्या वाहन परवान्यात ‘या माणसाला गाडी चालवता येते’ हा अर्थ नंतर मिसळला. ‘या माणसाला आम्ही सोडले आहे’ हा जुना अर्थ मात्र त्यातून कधीच गेला नाही.

३.
कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. ख्रिस्तपूर्व पहिले शतक आणि ख्रिस्तोत्तर पहिले शतक यांच्या आसपासचे हे काम. त्या नावांत धेनुकाकट येथील अनेक ‘यवन’ आहेत. यवन हा शब्द त्या काळी ग्रीक वंशाच्या आणि पुढे एकूणच पश्चिमेकडून आलेल्या लोकांसाठी वापरला जाई. ही माणसे व्यापाराच्या निमित्ताने या मुलखात आली, येथे राहिली, आणि बौद्ध संघाला खांब अर्पण करून आपले नाव दगडावर ठेवून गेली.

कल्याण आणि सोपारा ही बंदरे एका बाजूला, पैठण आणि तेर या बाजारपेठा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतील फटी म्हणजे घाट. कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी अशाच वाटेच्या आधाराने उभी राहिली. वाट होती म्हणून परके आले, आणि परके आले म्हणून वाटेवर नोंद आणि जकात आली.

४.
त्या काळी परक्याने कोणता कागद बाळगावा, याचे शास्त्र कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. त्यात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन तो शिक्का उमटवलेली मुद्रा देतो; ती असलेल्यानेच जनपदात यावे-जावे. मुद्रेवाचून आढळलेल्या देशवासीयास १२ पण दंड. खोटी मुद्रा बाळगल्यास देशवासीयाला सर्वांत खालच्या प्रतीचा साहसदंड, आणि परदेशीयाला सर्वांत वरच्या प्रतीचा.

गुन्हा एकच, पण परक्याला शिक्षा मोठी. हा ग्रंथ मावळापुरता लिहिलेला नाही, आणि त्यातील प्रत्येक नियम प्रत्येक घाटात पाळला जाई असेही म्हणता येणार नाही. राज्यसंस्थेची दृष्टी मात्र त्यातून लख्ख दिसते. ओळखीच्या माणसाची चूक ही चूक असते. अनोळखी माणसाची तीच चूक धोका मानली जाते.

५.
मध्ययुगात राहदारी हे उत्पन्नाचे मोठे साधन झाले. औरंगजेबाने राज्यारोहणानंतर राहदारी माफ केल्याचे हुकूम काढले, तरी ठिकठिकाणचे अंमलदार व जमीनदार ती वसूल करीतच राहिले. मराठी राज्यातही वाटेवर चौक्या आणि जकातीची नाकी होती. दस्तकात माणसाचे नाव, बरोबरची माणसे, बैल किंवा घोडी, माल आणि जाण्याचे ठिकाण नोंदवून वाटेवरच्या चौकीदारांस व जकातदारांस अडथळा न करण्याविषयी लिहिले जाई. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवणे हेही एक काम होते.

समुद्रावरही हाच नियम होता. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो नसलेले जहाज ते पकडत. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक लागू केले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. पोर्तुगीजांनी मागितला तर तो परवाना, आंग्र्यांनी मागितला तर ती चाचेगिरी. कागद मागण्याचा अधिकार कोणाचा, हाच त्या भांडणाचा गाभा होता.

६.
कागदाच्या गैरवापराने राज्ये कशी बुडतात, याचे उदाहरण बंगालने पाहिले. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला जकातमाफीचे फर्मान दिले. त्याच्या आधारे कंपनी दस्तके देऊ लागली. ती कंपनीच्या मालासाठी होती. पण कंपनीचे नोकर आपला खासगी व्यापार त्याच कागदावर करू लागले, आणि पुढे ती देशी व्यापाऱ्यांना विकूही लागले.

नबाबाची जकात बुडाली आणि त्याचे स्वतःचे व्यापारी मागे पडले. १७५७ च्या प्लासीच्या लढाईमागील कारणांत हा एक तंटा होता. पुढे मीर कासिमने वैतागून सर्वांचीच जकात माफ केली, म्हणजे कंपनीच्या कागदाची किंमतच शून्य केली. त्यावरून पेटलेले युद्ध १७६४ मध्ये बक्सारला संपले.

७.
परक्याने परवान्यावाचून घाट चढल्यास काय होते, हे मावळाने १७७९ च्या जानेवारीत पाहिले. रघुनाथरावास पेशवेपदी बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलहून बोरघाट चढून खंडाळ्यास आली. सुमारे ३,९०० माणसे आणि सामान वाहणारे सुमारे १९,००० बैल. एवढा डोलारा घेऊन फौज अत्यंत संथपणे पुढे सरकत होती. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याची दखल घेत त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले.

इंग्रज तळेगावला पोहोचले तेव्हा गाव ओस होते आणि दाणागोटा जाळून टाकलेला होता. परतताना महादजी शिंदे व हरिपंत फडके यांच्या फौजांनी त्यांना वडगावला कोंडले. तेथे झालेल्या तहात १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले, फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहिले, आणि मगच फौजेला मुंबईची वाट मोकळी झाली. कंपनीच्या वरिष्ठांनी हा तह पुढे नाकारला. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. पण त्या आठवड्यात, मावळच्या त्या माळावर, हत्यारबंद फौजेलाही घाट उतरण्यासाठी यजमानाची परवानगी घ्यावी लागली, ही गोष्ट राहिलीच.

८.
चाळीस वर्षांत चित्र उलटले. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजी फौजा पुण्यात आल्या. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफांसाठी सुधारून घेतली. डिसेंबर १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका याच वाटेने कार्ल्याची लेणी पाहून पुण्यास गेली. पेशवा गादीवर होता, तरी इंग्रज पाहुण्याला वाट अडण्याचे दिवस सरत आले होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि लोहगडही इंग्रजांकडे गेला.

गंमत अशी की खुद्द इंग्रजालाही हिंदुस्थानात राहण्यासाठी तोवर परवाना लागत असे. कंपनीचा नोकर नसलेल्या ब्रिटिश माणसाने येथे यायचे तर कंपनीची किंवा तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची परवानगी हवी. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या जुन्या मुलखापुरती ही अट काढली.

९.
१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. तोवर माणसे पालखीतून किंवा पायी जात आणि माल बैलांच्या पाठीवरून जाई. आता बैलगाडी घाट चढू लागली, आणि वाटेवर टोल बसला. १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातील अंतर्गत संक्रमण जकाती कायद्याने रद्द झाल्या. म्हणजे वाटेवरचा कर मालावरून आणि माणसावरून सरकून रस्त्याच्या वापरावर आला.

या नव्या रस्त्यावर गाडी हाकणाऱ्या गाडीवानाला मात्र कोणी परीक्षा देण्यास सांगितले नाही. बैल आवरता येतात की नाही, हे घाटच ठरवीत असे.

१०.
‘चालवणारा कोण’ हा प्रश्न प्रथम आगगाडीने आणला. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत २५ बोगदे, आणि चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र. हजारो मजुरांनी हा मार्ग खोदला आणि त्यांतील कित्येक रोगराईने व अपघातांनी दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे पोहोचताच थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे सांभाळला.

परंतु ज्यांनी डोंगर फोडला त्यांच्या हाती इंजिन आले नाही. सुरुवातीच्या दशकांत मुख्य मार्गावर इंजिन चालविण्याचे काम प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन चालकांकडे राहिले. येथे कौशल्याचा कागद वंशाशी बांधलेला होता. आपल्याच भूमीवर देशी माणूस नवखा ठरला होता.

११.
मग मोटार आली. १८८८ मध्ये बाडेनच्या प्रशासनाने कार्ल बेंझ यांना आपली गाडी रस्त्यावर चालविण्याची लेखी परवानगी दिली. ती परवानगी त्यांनी मागितली, कारण गाडीच्या आवाजाने आणि वासाने लोक त्रासले होते. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ मध्ये चालकाची पात्रता तपासण्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून परवाना आवश्यक झाला. पण पैसे भरले की तो मिळे. परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ मध्ये.

हिंदुस्थानात प्रथम प्रांतोप्रांतीचे कायदे झाले: बंगालचा १९०३ चा, मुंबई इलाख्याचा १९०४ चा. १९१४ मध्ये देशपातळीवर मोटार वाहन कायदा आला. त्याच्या जागी आलेल्या १९३९ च्या कायद्याने चालकाच्या पात्रतेच्या चाचणीची तपशीलवार तरतूद केली, आणि एका प्रांतात मिळालेला परवाना सर्वत्र ग्राह्य धरला. आजचा कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे.

म्हणून आज पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयातून परवाना घेतलेला मावळकर गुवाहाटीतही निर्धास्त गाडी चालवतो. तेथील पोलिसाला मावळ ठाऊक नसते. त्याचा विश्वास त्या माणसावर नसून दोघांवर असलेल्या एकाच कायद्यावर असतो.

१२.
देशाची सीमा ओलांडली की हा सामाईक कायदा संपतो. मोटारीने ही अडचण फार लवकर उभी केली, कारण युरोपात दिवसभराच्या प्रवासात दोन-तीन देश लागत. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे मोटार वाहतुकीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. १९२६ च्या पॅरिस कराराने गाडीचे प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना वेगळे केले. १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार हे त्यापुढचे टप्पे. स्वतंत्र भारताने १९४९ च्या करारावर सही केली.

आज प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना याच परंपरेतला आहे. त्याची मुदत एक वर्ष. पुष्कळांची समजूत असते की तो जगभर चालणारा वरच्या दर्जाचा परवाना आहे. वस्तुतः तो मूळ परवान्याचा, अनेक भाषांत मांडलेला, अधिकृत अनुवाद आहे. मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. तो मिळविताना वेगळी परीक्षाही होत नाही, कारण तो कौशल्याची नवी साक्ष देत नाही. एका राज्याने दुसऱ्या राज्याला लिहिलेली ती चिठ्ठी आहे: याला आम्ही सोडले आहे, आपणही सोडावे. म्हणजे दस्तकच.

१३.
दस्तक प्रवाशासाठी असते, रहिवाशासाठी नाही. येथेच नवख्याची अडचण सुरू होते. ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या भारतीयाला बारा महिने आपल्या परवान्यावर गाडी चालविता येते. त्यानंतर तेथील शिकाऊ परवाना, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा. जपानमध्ये मूळ परवाना बदलून घेताना ज्ञानाची आणि चालविण्याची चाचणी द्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या भारतीयालाही परीक्षा चुकत नाही.

काही देशांच्या नागरिकांना मात्र ही परीक्षा द्यावी लागत नाही. ब्रिटनच्या यादीत ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर असे देश आहेत. तेथील परवानाधारक आपला परवाना थेट बदलून घेऊ शकतो. जर्मनीचीही अशी यादी आहे. भारत या दोन्ही याद्यांत नाही.

१४.
यात अन्याय आहे की शहाणपण? दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. भारतात गाडी डावीकडून चालते, जर्मनीत उजवीकडून. तेथे बर्फ पडतो, चौकातील अग्रक्रमाचे नियम निराळे असतात, पादचाऱ्याचा हक्क कडकपणे पाळला जातो. अनुभवी चालकाची सवयच तेथे धोक्याची ठरू शकते. रस्त्यावर चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकवावी लागते; म्हणून परीक्षा मागणे हा नुसता परकेपणाचा छळ म्हणता येत नाही.

पण याद्या केवळ रस्त्याच्या सवयींवर ठरत नाहीत. जपानी परवाना जर्मनीत बदलून मिळतो आणि जपानमध्येही गाडी डावीकडूनच चालते. बर्फाशी आणि उजव्या बाजूशी सिंगापूरच्या चालकाचाही संबंध नसतो. तेव्हा प्रश्न उरतो तो देणाऱ्या कार्यालयावरील विश्वासाचा. मूळ देशात परीक्षा किती कसून घेतली जाते, परवाना खरा की खोटा हे तपासता येते का, दोन सरकारांनी एकमेकांचे कागद मानण्याचा करार केला आहे का, यांवर यादी ठरते. आपल्याकडे एखाद्याने धड चाचणी न देता परवाना मिळविला, तर त्याची किंमत परदेशातील अनोळखी मावळकर मोजत असतो. बंगालमधील विकलेल्या दस्तकांनी शिकवलेला धडा हाच: कागद स्वस्त केला की तो बाळगणारा प्रामाणिक माणूसही संशयित ठरतो.

ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे त्याच्यासाठी हा वाद पुस्तकी नसतो. नव्या देशात भाषा येत नाही, शिकवणीचे पैसे नाहीत, आणि परवाना मिळेपर्यंत चालकाची नोकरीही नाही. वीस वर्षे घाट उतरलेला माणूस अठरा वर्षांच्या मुलांबरोबर परीक्षेच्या रांगेत उभा राहतो.

१५.
हीच वाट उलट दिशेनेही चालते. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम येथे परदेशांतून योगाभ्यासी येतात. त्यांच्यापैकी कोणाला कार्ल्यापर्यंत दुचाकीने जायचे असेल तर आपल्या देशाचा परवाना आणि त्याचा आंतरराष्ट्रीय अनुवाद जवळ हवा. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे; म्हणजे जुना महामार्ग धरावा लागतो. ज्या कार्ल्यात एके काळी यवनांनी आपली नावे कोरली, तेथेच आजचा परका खिशातील कागद चाचपून पाहतो.

१६.
भारतातील रस्त्याच्या नियमांत एक छोटा नियम आहे. अरुंद आणि चढाच्या डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. कारण साधे आहे: चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे कठीण असते. हा नियम समोरचा चालक कुठला आहे हे विचारीत नाही. तो चढतो आहे एवढेच पाहतो.

नव्या देशात आलेला माणूस चढावर असतो. त्याने परीक्षा द्यावी हे रास्त. पण त्याचा चढ ओळखून वाट देणे हेही राज्यांच्या हाती आहे. मौर्यकालीन मुद्रेपासून मराठी दस्तकापर्यंत आणि तेथून आजच्या परवान्यापर्यंत कागदाचे रूप बदलले. वडगावच्या त्या तरुणाकडून सहाव्या महिन्याच्या अखेरीस जे काढून घेतले जाते ते कौशल्य नव्हे, तर दोन राज्यांमधला उसना विश्वास. तो पुन्हा मिळवायला त्याला परीक्षा द्यावी लागते. तो कायमचा मिळवून द्यायचा, तर परीक्षा मायदेशातील परवाना देणाऱ्यांनाही द्यावी लागेल.